झाळीखालचे कुंकू

ती घटना आजही आठवते, असे म्हणून लेखणी उचलण्याची आम्हा पेन्शनीत निघालेल्या फौजदारांची रीत आहे. माझ्या बाबतीत ते खरे नाही. आठवायला आधी विसरावे लागते, आणि कल्याणच्या लोकांनी मला ती कधी विसरूच दिली नाही. आजही तिथल्या एखाद्या ओळखीच्या घरी पाय टाकला की आतून कोणीतरी ओरडते, "अगं, देवघराचं दार लोटून घे, फौजदार आलेत!" सगळे घर हसते. मीही हसतो आणि पुढ्यात आलेला लाडू उचलतो.

नावे मी कोणाचीच देणार नाही. काही माणसे गेली, काहींची मुलेबाळे गावात आहेत. हसे व्हायचे ते माझे एकट्याचे होऊ द्यावे.

त्या वेळी मी कल्याणच्या चौकीवर नवा होतो. अनुभव कोवळा होता, म्हणून मिशीला मेण लावून ती तरी जुनी दिसेल अशी व्यवस्था केली होती. आगगाडी उत्तरेकडे जाऊ लागल्यापासून काशीयात्रेचे भय कमी झाले होते. पूर्वी माणूस काशीला निघाला की घरचे त्याचा कायमचा निरोप घेत. आता तो परत येई आणि येताना गंगेचे गडू घेऊन येई. तांब्याचा गडू, काठोकाठ गंगाजळ, तोंडावर झाकण आणि झाकणाभोवती वितळलेल्या कथलाची झाळ देऊन पक्के बंद केलेले. मोठा गडू आपल्या देवघरात, शेवटच्या घटकेला तोंडात घालायला. लहान गडू जवळच्या नातलगांना वाटायला. परतल्यावर गंगापूजन करून चार माणसांना जेवू घालायचे, त्याला मावंदे म्हणतात.

गावातल्या एका दिवंगत वैद्यांच्या पत्नी, त्यांना सगळा गाव माई म्हणे, अशीच यात्रा करून आल्या होत्या. त्यांच्या मावंद्याला मलाही आमंत्रण होते. सकाळी पूजा झाली. सुवासिनींनी सगळ्या गडूंना हळदकुंकवाचे लेप दिले, वर तुपाची निरांजने ओवाळली. मग गल्लीतला तांबट आला. त्याने मोठ्या गडूची झाळ सोडवली, माईंनी सर्वांना तीर्थ दिले आणि त्याने सर्वांदेखत झाकण पुन्हा झाळून दिले. चांगला रुंद खांद्याचा, पन्नाशीचा माणूस; नाक असे वर, की पाऊस पडला तर पाणी आत जावे. काम झाल्यावर आपली शेगडी परसात ठेवून तो पडवीतल्या पंगतीला बसला.

मी आतल्या पंगतीत होतो. पुरणपोळीवर तुपाची धार पडत असतानाच माजघरातून माईंची हाक आली, "अरे, पेटी उघडी कशी?"

सासूबाईंपासून आलेली पुतळ्यांची माळ, चिंचपेटी आणि मोत्यांची नथ गेली होती. महिन्याभरावर नातीचे लग्न होते आणि हे दागिने तिच्या अंगावर घालायचे होते. सकाळीच माईंनी ते बायकांना दाखवून पेटीत ठेवले होते.

आता पाहा, चोरी झाली तेव्हा फौजदार घरातच! अशी संधी दहा जन्मांत येत नाही. मी तसाच उठलो, दारे बंद करवली, पुढच्या दाराशी स्वतः उभा राहिलो. कोळशेतचा एक जुना हवालदार माझ्या हाताखाली होता, त्याला मागच्या दाराशी ठेवले. पुरुषांची उपरणी झटकली, कनवटी पाहिल्या, बायकांची झडती माईंनी घेतली. तांबटाची पिशवी उलटी केली. काही सापडले नाही. शेवटी एकेका नातलगाला बाहेर सोडले. प्रत्येकाच्या हातात माईंनी दिलेला गंगेचा लहान गडू होता. प्रत्येक गडू समोरून गेला की मी भक्तिभावाने हात जोडले आणि रस्ता मोकळा करून दिला.

म्हणजे चोरीचा माल माझ्या समोरून गेला आणि मी त्याला नमस्कार केला. सरकारी नोकरीत मी पुष्कळांना सलाम ठोकले, पण इतका मनापासून कोणालाच नाही.

अर्थात हे तेव्हा कळले नव्हते. चार-पाच दिवस आम्ही नुसती धूळ उडवली. मग एका सकाळी डोंबिवली गावचा एक आचारी चौकीच्या पायरीवर येऊन बसला. मावंद्याचा स्वयंपाक त्याचाच होता.

"साहेब, सांगू की नको असं होतंय."

"सांग."

"पंगत बसली होती ना, तेव्हा परसात केळीच्या बुंध्याशी कोणीतरी गडू ओतत होतं. पाठमोरं. डोक्यावर उपरणं."

"कोण होतं?"

"मी पुरण बघत होतो, साहेब. पुरण लागलं असतं तर तुम्हीच मला आत टाकलं असतं."

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"कोणी विचारलं नाही."

हे उत्तर पुढे पस्तीस वर्षे मी ऐकत आलो. लोक खोटे फार कमी बोलतात. ते वाट पाहतात, विचारण्याची.

तर, गडू रिकामा केला म्हणजे त्यात माल भरला. माल भरला म्हणजे झाकण पुन्हा झाळले. झाळ देता येणारा त्या घरात एकच माणूस होता, आणि त्याने झाळलेला गडूही एकच होता, तो माईंचा मोठा. मी मिशीला पीळ दिला. दोन आणि दोन चार होतात हे मला ठाऊक होते. दोन आणि दोन हातात आहेत की नाहीत एवढेच पाहायचे राहिले होते.

तांबटाला दुकानातून धरून आणले. त्याची शेगडी, झाळ द्यायची कांब, झाळीच्या कांड्या, नवसागर, सगळे मुद्देमाल म्हणून जमा केले. माईंकडून मोठा गडू मागवला. पंच बसले, माई बसल्या, आणि मी छिन्नी घेऊन स्वतःच झाकण उडवले. तांबटाचा सांधा इतका चिवट, की झाकणाबरोबर गडूचा काठही वाकला आणि गडू माझ्या हातातून सुटला.

पाणी. नुसते पाणी. टेबलावरून पंचनाम्यावर, पंचनाम्यावरून पंचांच्या मांडीवर आणि तिथून जमिनीवर. मी झडप घालून गडू उभा केला तेव्हा निम्मे पाणी उरले होते. पंच पाय वर घेऊन बसले. गंगेवर पाय कसा द्यायचा?

माईंनी गडूचा वाकलेला काठ बोटाने चाचपला. मग म्हणाल्या, "फौजदारा, माझ्या तोंडात घालायचं पाणी तू चौकीच्या जमिनीला पाजलंस. आता मी मरायच्या वेळी चौकीची फरशी चाटू का?"

ही बातमी माझ्या आधी ठाण्याला पोचली. तिथल्या साहेबांचा तारेने हुकूम आला: पक्की खात्री झाल्याशिवाय यापुढे एकही गडू फोडायचा नाही, आणि आरोपीच्या बेड्या न काढता त्याला उद्याच्या गाडीने ठाण्याच्या मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायचे.

त्या हुकुमाचा अर्थ माझ्यापेक्षा तांबटाला जास्त चांगला कळला. ठाण्याचा तुरुंग ही दूरची गोष्ट होती. त्याच्या आधी बेड्यांसह गल्लीतून स्टेशनापर्यंत चालत जायचे होते. त्याचे पोट देवघरांतल्या भांड्यांवर चाले. गंगेच्या गडूत चोरीचा माल भरणारा म्हणून जो एकदा त्या गल्लीतून गेला, त्याच्या हाती पुढे कोणी पळी-पंचपात्रही देणार नव्हते. निर्दोष सुटला असता तरी नाही.

मी जबानी घ्यायला बसलो.

"तुझ्याशिवाय झाळ देता येणारा त्या घरात दुसरा कोण होता?"

"कोणीच नाही."

"मग?"

"मग काय? झाळ देता येणारा कोणी नव्हता म्हणालो. न येता देणारे पुष्कळ असतात." त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "आचाऱ्याला विचारलंत का साहेब, ओतलेला गडू लहान होता का मोठा?"

मी विचारले नव्हते. आचाऱ्याला पुन्हा बोलावले. तो म्हणाला, "लहान की! एका हातात मावणारा. मोठा कसा असेल, तो देवापुढे होता."

"हे आधी का नाही..." म्हणता म्हणता मी थांबलो. उत्तर मला पाठ झाले होते.

मी शिपाई पाठवले. लहान गडू ज्या ज्या घरी गेले होते तिथून ते मानाने, सोवळ्यात, घरच्या माणसासह चौकीवर आणायचे. फोडणार नाही असे वचन द्यायचे. कल्याणातले गडू लगेच आले असते, पण एक ठाण्याला गेला होता, माईंच्या धाकट्या जाऊबाईंकडे. दुपारच्या गाडीची वाट पाहणे आले.

तोवर चौकीत निराळेच संकट. माई ओसरीवर बसून होत्या. उरलेले गंगाजळ उघडे घेऊन त्या घरी जायला तयार नव्हत्या. "बंद करून दे, मग उठते."

मी कोठडीशी गेलो. "तांबटा, एवढं झाकण झाळून दे."

त्याने बेड्या घातलेले हात पुढे केले. "हे काढा. चोराच्या हाताने मी गंगा बंद करणार नाही. आणि चोर नसेन, तर बेड्या कशाला?"

बेड्या काढणे माझ्या हाती नव्हते; साहेबांचा हुकूम होता. तेव्हा मी स्वतः करायचे ठरवले. त्यात काय आहे? शेगडी पेटवायची, कांब तापवायची, झाळ लावायची. हवालदाराने शेगडी फुंकली. मी परसात पाटावर बसलो. गडूच्या काठावर पूजेचे कुंकू, हळद, तूप यांचा थर होता. तो पुसणे मला अधर्म वाटले. तसाच झाकण बसवून वर तापलेली कांब टेकवली.

"साहेब," कोठडीतून आवाज आला, "ती माझी कांब ना? मुद्देमाल म्हणून ठेवलीत ना? मग मुद्देमाल तापवता कशाला?"

"गप्प बैस!"

झाळ वितळली आणि साबुदाण्यासारखे गोळे होऊन काठावरून गडगडत खाली गेली. पुन्हा लावली. पुन्हा गोळे. काही गोळे कसेबसे चिकटले, मी फुंकर घातली, निवू दिले आणि विजयाने गडू उचलला. झाकण हातात आले, गडू पाटावर राहिला.

"साहेब, मना तं काय ठीक दिसत नाय," हवालदार म्हणाला.

"कसं दिसेल?" कोठडीतून पुन्हा. "कुंकवाला झाळ देताय की तांब्याला? झाळ फक्त कोऱ्या धातूला धरते. आधी खरवडा. विटेची भुकटी घासा, चिंच लावा, धुवा, कोरडं करा. नवी नवरी दिसायला हवी तांब्याची. मग नवसागर, आणि मग कांब. निम्म्याहून जास्त काम कांब तापायच्या आधीच होतं. तुपावर बसवलेला सांधा म्हणजे पाव्हणा. जेवला की निघाला."

मी ते झाकण उलटे करून पाहत बसलो. झाळीच्या उलट्या बाजूला कुंकू चिकटले होते, लालभडक. सांध्याचा माझा आयुष्यातला पहिला आणि शेवटचा प्रयत्न. तो इतका वाईट होता की माझ्या चांगलाच लक्षात राहिला. त्याबद्दल मी देवाचा ऋणी आहे; थोडा बरा जमला असता तर एक घर बुडाले असते.

दुपारी जाऊबाई आल्या. गडू मांडीवर, सोवळ्याच्या धाबळीत गुंडाळलेला. बरोबर मुलगा, ठाण्याच्या कचेरीतला कारकून, गोरा, हसतमुख. मावंद्याच्या दिवशी पंगतीत वाढत होता. माझ्या पानावर तुपाची धार त्यानेच धरली होती. तो सारखा म्हणत होता, "आई, जड होईल, मी धरतो."

"तू सोवळ्यात नाहीस. घरून निघाल्यापासून तेच," जाऊबाई म्हणाल्या, आणि मला सांगू लागल्या, "घरी आणल्यापासून याची भक्ती उतू चाललीय हो. रोज म्हणतो, मी गडू घासून ठेवतो. मी म्हटलं, नको बाबा, माझ्या देवघरात हात घालू नकोस. मी तिथेच बसते, तिथेच झोपते."

सगळे गडू टेबलावर मांडले. सगळे सारखे, कुंकवाच्या लेपाखाली सांधा दिसतच नव्हता. हलवून काही कळेना, कारण भरलेला गडू वाजत नाही. वजनाने कळेना, कारण हाताने घडवलेला एक गडू दुसऱ्यासारखा नसतो. फोडायची तर सोय नव्हती. पुसायचे म्हटले तर पंचांनी हात जोडले.

तेव्हा मी ओसरीवर गेलो. "माई, देवाची तांब्याची भांडी तुम्ही कशाने घासता?"

"चिंचेने. का रे?"

"आज गंगेला तुमच्या हातचं स्नान घालायचंय."

माईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. मग पदर खोचून उठल्या. चौकीच्या ओसरीवर त्या दिवशी चिंचेने गडू घासले गेले. पहाऱ्यावरचे शिपाई पाणी घालत होते. एकेक गडू उजळत होता. झाकणाभोवतीची काशीची झाळ दिसू लागली, बारीक, सलग, रुपेरी. जणू तांब्याला चांदीचा काठ शिवला आहे. कुंकू वरचे होते, ते धुऊन गेले.

एका गडूचे मात्र जाईना. माईंनी पुन्हा चिंच लावली, पुन्हा चोळले. झाकणाभोवती लाल रेघ तशीच.

मी वाकून पाहिले, आणि माझ्या तोंडून निघून गेले, "अरे, हा तर माझा सांधा!"

हवालदाराने आ वासला. "साहेब, मंग चोरी तुमीच केली काय?"

तेच साबुदाण्याचे गोळे. तीच धडपड. आणि लाल रेघ जात नव्हती, कारण ते कुंकू झाळीच्या वर नव्हते, खाली होते. काशीत झाळ बसली तेव्हा कुंकू कुठले? कुंकू लागले मावंद्याला, आपल्या कल्याणात. झाळीच्या वर कुंकू असेल तर ती पूजा. झाळीच्या खाली असेल तर तो गुन्हा. हा गडू पूजेनंतर कोणीतरी उघडला होता आणि खरवडायला ना वेळ ना अक्कल, असा तसाच बंद केला होता. तांब्याशी त्याची ओळख माझ्याइतकीच होती.

तरीही एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा फुंकून पितो. मी गडू घेऊन कोठडीशी गेलो आणि आवाज चढवला, "हा बघ तुझा सांधा. कबूल कर."

त्याने गजांतून गडू निरखला. त्याचा चेहरा असा झाला की चोरीचा आरोप ठेवला तेव्हाही झाला नव्हता.

"मला चोर म्हणा, साहेब," तो गज धरून म्हणाला. "ठाण्याला न्या, काळ्या पाण्यावर धाडा. पण हा सांधा माझा म्हणू नका."

आयुष्यात मी शेकडो जबान्या ऐकल्या. इतकी खरी दुसरी नाही. मी किल्ली मागवली आणि त्याच्या बेड्या माझ्या हाताने काढल्या. साहेबांच्या हुकुमाचे काय ते मी पाहून घेणार होतो.

आम्ही ओसरीवर आलो. "जाऊबाई," मी म्हणालो, "हा गडू तुमचा आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी याला हात लावणार नाही."

त्यांनी लाल रेघेकडे पाहिले, मग मुलाकडे. मुलगा हसत नव्हता. त्याच्या उपरण्याचे टोक त्याच्याच बोटांत पिळवटले जात होते.

"उघडा," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात खोटी गंगा नको."

तांबटाने छिन्नी घेतली नाही, हातोडा घेतला नाही. अंगठ्याचे नख झाळीखाली सारले. झाकण टच्‌कन निघाले, अख्खे, खालून लालभडक. आत रेशमी चिंधी ठासून भरलेली, आणि चिंधीत पुतळ्यांची माळ, चिंचपेटी, नथ.

मुलाने फार वेळ घेतला नाही. वाढपी असल्यामुळे आतबाहेर जायला त्याला कोणी हटकले नव्हते. पेटीला कुलूप नव्हते, आईच्या वाट्याचा गडू बाजूला काढलेला होता, परसात शेगडी धगधगत होती, कांब तापलेलीच होती. झाळल्यावर त्याने वरून पुन्हा कुंकू फासले होते. "आजीचे दागिने होते," तो म्हणाला. "माईंच्या नातीला सगळे, आणि आईच्या वाट्याला काही नाही? मी आईसाठी..."

"मी मागितले होते?" जाऊबाई एवढेच म्हणाल्या. आवाज चढला नाही. त्या गडूपुढे त्यांनी इतके दिवस दिवा लावला होता, फूल वाहिले होते. आता त्या तो रिकामा गडू हातात धरून उभ्या होत्या आणि कुठे ठेवावा ते त्यांना कळत नव्हते.

माई उठल्या. आपला निम्मा उरलेला मोठा गडू उचलला आणि त्यातले थोडे पाणी जाऊबाईंच्या गडूत ओतले. "ही खरी आहे," त्या म्हणाल्या. "धर. आणि आज ठाण्याला जाऊ नकोस, माझ्याकडे चल."

खटल्याचे पुढे जे व्हायचे ते झाले. मुलाने मॅजिस्ट्रेटपुढे कबुली दिली, शिक्षा झाली, तो सुटून येईपर्यंत जाऊबाई माईंकडेच राहिल्या. मला सांगायचे आहे ते त्याच दिवशी संध्याकाळचे.

मुद्देमाल परत करायचा होता. शिपायाकरवी पाठवता आला असता. पण ज्या गल्लीतून तांबटाला मी धरून आणले होते त्याच गल्लीतून, पूर्ण पोशाखात, त्याची शेगडी डोक्यावर घेऊन मी चाललो. काजळीचा ओघळ मेण लावलेल्या मिशीवर आला. पुढे तांबट, मोकळ्या हातांनी, नाक नेहमीसारखे आकाशात. मागे माई आणि जाऊबाई, आपापले गडू घेऊन. दारादारांतून लोक पाहत होते. दुकानाशी पोचल्यावर माई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे म्हणाल्या, "बाबा, माझी गंगा तुझ्याच हाताने बंद करून दे. दुसऱ्या कोणाचा मला भरवसा नाही."

त्याने गडू घेतला, आणि कानस माझ्यापुढे केली. "बसा. खरवडा."

मी खरवडले. "अजून." अजून खरवडले. "तिकडे काळं राहिलंय. अजून." हात भरून आले. शेवटी काठ असा लखलखला की त्यात मला माझी काजळलेली मिशी दिसली. तेव्हा तो म्हणाला, "हं. आता तांबं बोलायला लागलं." कांब नुसती फिरवली. झाळ पाण्यासारखी धावली आणि काठात मुरून बसली. त्या दिवसापासून मी त्यांना अहो-जाहो करू लागलो. त्यांनी ते कधी नाकारले नाही.

पुढे माझी बदली ठाण्याला झाली. काही वर्षांनी एका सकाळी कल्याणहून माणूस आला: माई निघाल्या आहेत, तुम्हाला बोलावले आहे. मी पहिल्या गाडीने गेलो. जाऊबाई उशाशी बसल्या होत्या, नात पायाशी, आणि मधे तो मोठा गडू.

"तुमच्यासाठीच ठेवलाय," जाऊबाई म्हणाल्या. "त्या म्हणाल्या, फोडायची सवय फौजदाराला आहे."

मी गडू घेतला. नख लावले, चाकू लावला, सांडशीने ओढून पाहिले. झाकण जागचे हलेना. जाऊबाई माझ्याकडे, नात माझ्याकडे. मी पुन्हा चाकू उचलला. तेवढ्यात माईंनी एक डोळा उघडला.

"निघत नाही ना?" त्या पुटपुटल्या. ओठांवर हसू होते. "तूच खरवडला होतास."

तांबट गल्लीतून धावत आले, आता पुरते पिकलेले. त्यांनी निखारा धरला, हळूच कांब फिरवली आणि झाकण अलगद उचलून माझ्या हातात दिले. पळीने ते पाणी मी माईंच्या तोंडात घातले. त्यांनी ते गिळले.

नोकरीत पुढे कोणाची जबानी घ्यायला बसलो की मी आधी स्वतःला विचारत असे, खरवडलेस का? दोन आणि दोन हातात येण्याआधीच मनावर किती थर बसलेले असतात. संशयाचे, ऐकीव गोष्टींचे, आपल्याच हुशारीच्या तुपाचे. त्यावर बसवलेला पुरावा पहिल्या नखाने निघतो. हे मला शिकवायला एका तांबटाने कोठडी भोगली, एका म्हातारीने आपली निम्मी गंगा सांडू दिली, आणि दोघांनीही नंतर मला पाटावर बसवून जेवू घातले. त्यांचे उपकार फेडायची सोय नाही.

माईंच्या गडूचे ते झाकण माझ्यापाशी आहे. कधीमधी उलटे करून पाहतो. खालची झाळ अजून रुपेरी आहे. कुंकवाचा ठिपकादेखील नाही.